१८व्या शतकातलं फ्रेंच लिहायचं मेज घ्यावं का? ठसा आहे, पण खात्री कशी करायची?

ओवी

नमस्कार मंडळी. मी गेली ६ वर्षं फ्रान्समध्ये ऑर्लेआँला राहते, घरूनच काम करते. एक जुनं लिहायचं मेज घ्यायचं बरेच दिवस मनात आहे. माझ्या आजोबांच्या साताऱ्याच्या पेढीवर उतरत्या झाकणाचं डेस्क होतं. झाकण उचललं की आतून शाईचा आणि जुन्या वह्यांचा वास यायचा. बाराखडी मी त्याच्यावरच गिरवली. वाटणीत ते कुणाकडे गेलं, आता घरात कुणालाच सांगता येत नाही.

गेल्या शनिवारी इथल्या एका दुकानात तसंच उतरत्या झाकणाचं मेज दिसलं आणि पाय निघेना. इथे त्याला 'ब्युरो आं पांत' म्हणतात. रुंदी ८२ सेंमी, पाय बाकदार, वरून गुलाबीसर पट्ट्यांचं विनियर (वर चिकटवलेला पातळ लाकडी पापुद्रा), कोपऱ्यांना सोनेरी पितळी नक्षी. झाकण पुढे पाडलं की लिहायची जागा होते, आत ६ छोटे खण, आणि मधली फळी सरकवली की खाली चोरकप्पा. दुकानदार म्हणतो पंधराव्या लुईच्या काळातलं आहे, १७५० च्या आसपासचं. किंमत ४,८०० युरो. मागच्या बाजूला वरच्या पट्टीवर ठसा आहे: 'आय. द्युब्वा' आणि शेजारी 'जे एम ई'. घरी येऊन शोधलं तर जाक द्युब्वा नावाचा पॅरिसचा नामांकित कारागीर होता, आणि तो 'जे' च्या जागी 'आय' च वापरायचा. म्हणजे ठसा बरोबर आहे!

आठवडाभर राखून ठेवतो म्हणालाय. जाणकारांनी कृपया सांगा.

दस्तऐवज

ओवी, आधी एक साधी गोष्ट. दुकानदार तोंडी काय म्हणतो ते सोडा, पावतीवर काय लिहून देणार ते विचारा. फ्रान्समध्ये ३ मार्च १९८१ चा एक सरकारी हुकूम आहे, जुन्या वस्तूंच्या विक्रीत कुठला शब्द कधी वापरायचा ते त्यात बांधून दिलंय. 'लुई १५ एपॉक' असं लिहिलं तर वस्तू त्या काळातलीच आहे ही हमी झाली. 'लुई १५ स्तिल' लिहिलं तर फक्त घाट तसा आहे, बनली कधीही असेल. काल आणि परवासुद्धा. एका शब्दाचा फरक आणि किंमतीत दहापट अंतर. त्याच हुकुमात असंही आहे की अमक्याचा ठसा आहे असं लिहिलं आणि काही शंका नोंदवली नाही, तर ती त्याच कारागिराची असल्याची हमी धरली जाते. तेव्हा 'एपॉक लुई १५, ठसा द्युब्वा' असं सही-शिक्क्यासह लिहून द्या म्हणावं. तो काय उत्तर देतो ते इथे सांगा.

रंधा

मी पॅरिसला जुन्या लाकडी सामानाच्या दुरुस्तीच्या कारखान्यात ११ वर्षं काम करतो. घरचा धंदा सुतारकीचाच, सावंतवाडीकडचा.

ओवी, ठसा बरोबर आहे हे तुम्ही अगदी शेवटी बघायचं होतं, आणि नेमकं तेच पहिलं बघितलंत. बहुतेक सगळे असंच करतात, कारण ठसा वाचता येतो आणि लाकूड वाचायला शिकावं लागतं. पण संपूर्ण मेजात खोटा करायला सगळ्यात सोपा काय असेल तर तो ठसा. लोखंडाचा एक तुकडा कोरून घ्यायचा आणि हातोड्याचा एक घाव.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. पॅरिसच्या सुतार संघाच्या १७४३ च्या नियमांनी प्रत्येक उस्तादाला आपल्या नावाचा ठसा मारणं सक्तीचं केलं. नियम नीट अंमलात यायला १७५१ उजाडलं. संघाचे पंच माल तपासायचे आणि पसंत पडला तर 'जे एम ई' असा संघाचा ठसा मारायचे. १७९१ मध्ये क्रांतीने संघच मोडीत काढले. म्हणजे सक्तीचा काळ जेमतेम ५० वर्षांचा. त्याआधीचा आंद्रे-शार्ल बूल, ज्याच्या नावाने कासवाच्या पाठीचं आणि पितळेचं जडावकाम ओळखलं जातं, तो १७३२ मध्येच वारला. त्याच्या कामावर ठसा शोधू नये. राजाच्या खास कारागिरांना आणि फोबूर सॅंत-आंत्वानसारख्या मोकळीक असलेल्या वस्तीतल्यांना हा नियम लागू नव्हता. म्हणून ठसा नाही म्हणजे खोटं, असंही नाही.

उलट ठसा असला तरी तो माणसाचा असतोच असं नाही, दुकानाचा असतो. तुमचा द्युब्वाच घ्या. तो १७४२ मध्ये उस्ताद झाला, १७६३ मध्ये गेला. पुढे बायकोने आणि रने या मुलाने तोच ठसा चालू ठेवला. दुरुस्तीला आलेल्या दुसऱ्याच्या मेजावरसुद्धा दुरुस्ती करणारा आपला ठसा मारायचा.

आता काम सांगतो. दुकानात परत जा. सोबत टॉर्च, भिंग आणि पट्टी न्या. मोठा खण पूर्ण बाहेर काढून उलटा करा. फोटो टाका: खणाचा तळ, खणाचे कोपरे, मेजाची पाठ, पितळी नक्षीची मागची बाजू, निदान एक स्क्रू, आणि किल्लीच्या भोकाची कड अगदी जवळून. ठशाचाही एक. खण उलटा करू देत नसेल तर तिथेच नमस्कार करून निघा.

सुमतीकाकू

ओवी बाळा, आजोबांच्या डेस्कचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडेही होतं तसं, तांब्याची दौत ठेवायला खळगा असलेलं.

मी काही जाणकार नाही, पण ८ वर्षांपूर्वी मुलीकडे गेले होते तेव्हा व्हर्सायला राजाचं मेज पाहिलं होतं. गोल पडद्यासारखं झाकण, आणि वर दोन्हीकडून तबकडी असलेलं घड्याळ. तेव्हा गर्दीत नीट कळलं नाही. रंधा, त्याबद्दल सांगाल का?

रंधा

काकू, ते 'ब्युरो द्यु र्वा', राजाचं मेज. माझ्या मते लाकडात माणसाने केलेल्या सर्वोत्तम कामांपैकी एक. पंधराव्या लुईसाठी झां-फ्रांस्वा ओबेनने १७६० मध्ये सुरू केलं. १७६३ मध्ये ओबेन वारला. त्याच्या कारखान्यातल्या झां-आंरी रीझनरने ते १७६९ मध्ये पुरं केलं. ओबेनच्या विधवेशी लग्न करून कारखानाही त्यानेच पुढे चालवला. ९ वर्षं एका मेजावर! किल्ली फिरवली की गोल झाकण आणि खण एकदम मोकळे होतात. आणि रीझनरने आपलं नाव ठशाने नव्हे, विनियरच्या जडावातच लिहून ठेवलंय.

ओवींच्या प्रश्नाशी याचा संबंध असा की १९व्या शतकात श्रीमंतांना हीच जुनी मेजं हवी होती. मग पॅरिसमध्ये आंरी दासों, फ्रांस्वा लिंक यांच्यासारख्यांनी राजघराण्यातल्या मेजांच्या नकला केल्या, काही इतक्या सुंदर की आज त्यांचीच किंमत प्रचंड आहे. ती फसवणूक नव्हती, बरेचजण स्वतःचं नाव टाकायचे. पण त्यांच्या खालोखाल शेकडो साधे कारखाने होते. बिननावाचा माल. नंतर कुणीतरी त्यातल्या एखाद्यावर जुना ठसा मारतो, आणि मग तुमच्या-आमच्यासमोर तो १७५० चा म्हणून येतो.

मालाडचा मयूर

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. एक आडवा प्रश्न: असं मेज मुंबईला आणता येईल का? चोरबाजारात 'फ्रेंच' म्हणून जे दाखवतात त्यावर माझा विश्वास नाही.

दस्तऐवज

मयूर, कागदपत्रं आधी बघा. गुलाबी विनियरचं लाकूड आणि त्याच्यासोबत येणारं जांभळट लाकूड, दोन्ही ब्राझीलची, डालबर्जिया कुळातली. आपली शिसवी त्यांची सख्खी चुलत बहीण. २०१७ पासून हे अख्खं कुळ साइट्सच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे. कासवाची पाठ किंवा हस्तिदंत असेल तर नियम त्याहून कितीतरी कडक, त्या वाटेला जाऊच नका. कस्टमचा आकडा मेज विकत घेण्याआधी दलालाकडून लेखी मागा. आणि एक लक्षात ठेवा, १०० वर्षांवरची कलावस्तू भारतात आली की १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. परवानगीशिवाय परत बाहेर नेता येत नाही.

रंधा

आणि मुंबईचा पावसाळा. हे विनियर ओकच्या फळीवर सरसाने चिकटवलेलं असतं. ओक फुगतो-आकसतो एका दिशेने, वरचं विनियर दुसऱ्या दिशेने. जून ते सप्टेंबर सादळलेली हवा आणि मधूनच एसी, दोन वर्षांत पापुद्रे सुटतील. भरीव अक्रोडाचं किंवा चेरीचं मेज असेल तर तग धरेल.

ओवी

जाऊन आले! फोटो टाकले आहेत. खण उलटा करू दिला, पण चेहरा आंबट करून. पावतीबद्दल विचारलं तर म्हणाला, 'लुई १५ मेज, ठसा आहे' एवढंच लिहितो. एपॉक शब्द लिहायला तयार नाही.

मला जे दिसलं ते लिहिते. खणाच्या तळाला हलक्या गोलसर रेघा आहेत, एकाच अंतरावर, पाण्यात खडा टाकल्यावर तरंग उठावेत तशा. खणाच्या कोपऱ्यातले डव्हटेल, म्हणजे फळ्या एकमेकींत अडकवणारे दात, अगदी एकसारखे. पितळेची एक नक्षी सैल होती, तिचा स्क्रू त्याने स्वतःच फिरवून काढला. टोकदार आहे. किल्लीच्या भोकाशी विनियर कागदासारखं पातळ, पट्टीवर अर्धा मिमीसुद्धा भरत नाही.

अजून एक. त्याच दुकानात दुसरं एक रंगवलेलं छोटं मेज आहे. ते 'लोआर घराण्याचं' (म्हणजे लोआरकाठच्या कारागिरांच्या परंपरेतलं) म्हणून २,२०० ला देतो म्हणाला.

रंधा

ओवी, तुम्ही पाहिलंत ते अगदी नेमकं पाहिलंत. एकेक घेऊ.

गोल रेघा म्हणजे गोल पात्याची यांत्रिक करवत. १७५० च्या पॅरिसमध्ये फळी दोन माणसं हाताने कापायची, एक वर, एक खाली. तिच्या रेघा सरळ असतात आणि थोड्या वेड्यावाकड्या. वरून रंधा मारला की हलक्या लाटा उरतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण तिरका टॉर्च धरला किंवा तळवा फिरवला की लागतात. टोकदार स्क्रू १८४० च्या दशकानंतरचा. त्याआधीचा स्क्रू टोकाला बोथट, आटे कानशीने काढलेले, माथ्यावरची खाच मधोमध नसलेली. नुसता स्क्रू बदललेला असू शकतो, म्हणून एकट्या स्क्रूवरून मी काही बोललो नसतो. पण विनियरही पातळ. हाताने कापलेलं विनियर १ ते २ मिमी जाड असतं, कधी त्याहून जास्त. सुरीसारख्या पात्याच्या यंत्राने सोललेलं तुमच्या फोटोतल्यासारखं.

आता ठसा. तुमचा चौथा फोटो मोठा करून बघा. पट्टी काळपट तपकिरी आहे आणि अक्षरांच्या खोबणीत आतलं लाकूड फिकट, जवळजवळ पिवळं. २७० वर्षांपूर्वी ठसा मारला असता तर खोबणीही पट्टीबरोबरच काळी पडली असती, धूळ आणि मेण भरून कडा बोथट झाल्या असत्या. इथे आधी लाकूड जुनं झालंय आणि नंतर ठसा पडलाय.

आणखी एक, तुम्ही सांगितलं नाही पण फोटोत आहे. झाकण उघडल्यावर आतल्या छोट्या खणांचा रंग आणि बाहेरच्या बाजूचा रंग सारखाच. हे गुलाबी लाकूड उजेडाने मधासारखं पिवळसर होतं. जे झाकणाआड राहतं ते गुलाबी टिकतं. खऱ्या जुन्या मेजाचं झाकण उघडलं की आतला तो रंग पाहून जीव हरखतो. इथे आत-बाहेर एकच.

माझं मत: १८८०-१९०० चं पॅरिसचं मेज, काम प्रामाणिक, ठसा मागाहून मारलेला. ठशाविना वापरायला छान आहे. पण ४,८०० ला नाही, त्याच्या चौथ्या भागालाही मी विचार केला असता. असल्या जुन्या तपकिरी लाकडी फर्निचरच्या किंमती गेल्या २० वर्षांत खूप उतरल्या आहेत, घाई करू नका.

'लोआर घराणं' ही तर तुमच्याच गावची गोष्ट. आंद्रे मैलफेर नावाच्या गृहस्थाचा ऑर्लेआँला २०व्या शतकाच्या सुरुवातीला मोठा कारखाना होता, जुनं वाटेल असं नवं सामान बनवायचा. त्याने चक्क एक 'लोआर घराणं' कल्पून काढलं, त्याला झां-फ्रांस्वा आर्दी नावाचा एक कधीच नसलेला उस्ताद दिला आणि शेकड्यांनी वस्तू विकल्या. १९३५ मध्ये स्वतःच्या आठवणींत त्याने हे सगळं कबूल केलं. तरी तो शब्द अजून दुकानांत फिरतोच. तुमच्या दुकानदाराला कदाचित माहीतही नसेल.

सुमतीकाकू

बाई गं. मग मोठ्या लोकांना तरी कळतं का?

दस्तऐवज

काकू, व्हर्साय राजवाड्यालाच फसवलं गेलं. मेज नव्हे, खुर्च्या. बिल पालो हे १८व्या शतकातल्या फ्रेंच खुर्च्यांचे सगळ्यात मोठे जाणकार मानले जायचे. त्यांनी ब्रुनो देनू या कसबी लाकूडकामगाराबरोबर राजघराण्याच्या म्हणून खोट्या खुर्च्या बनवल्या, त्यातल्या काही व्हर्सायने घेतल्या. २०१६ मध्ये अटक, जून २०२५ मध्ये दोघांना शिक्षा. ज्याच्या प्रमाणपत्रावर सगळे डोळे मिटून विश्वास ठेवायचे त्यानेच हे केलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

रंधा

आमच्या कारखान्यात त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. पालोंच्याच एका जुन्या विद्यार्थ्याला संशय आला होता. नवं लाकूड जुनं दिसावं म्हणून ज्येष्ठमधाचा अर्क लावतात हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याने खुर्ची जिभेने चाटून पाहिली. मीही खणाच्या आतल्या कडेला नाक लावतो. जुन्या ओकचा वास कोरडा, धुळीचा. चहापत्तीचा किंवा पॉलिशचा वास आला की थांबतो.

मालाडचा मयूर

मराठी माणसाचा आणि फ्रेंच मेजाचा एक खरा धागा इथे नोंदवतो. इंदूरचे यशवंतराव होळकर, दुसरे. १९३० च्या दशकात त्यांनी माणिकबाग महाल सजवला तेव्हा अभ्यासिकेतलं मेज पॅरिसच्या एमिल-जाक रुलमानकडून घेतलं. जुनं नव्हे, त्या काळातलं सगळ्यात नवं. १९८० मध्ये तो ऐवज मोनॅकोला लिलावात विकला गेला. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयात या होळकरांवर प्रदर्शन भरलं होतं. ते सगळं इंदूरलाच राहिलं असतं तर, असं मला नेहमी वाटतं.

रंधा

मी पाहिलंय ते प्रदर्शन. होळकर हे नाव पॅरिसच्या भिंतीवर वाचून घरी फोन केला होता.

ओवी

धागा वर काढतेय, ३ महिन्यांनी. तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवेना.

ते मेज मी सोडलं. रंधा म्हणाले तशी घाई केली नाही, दर पंधरवड्याला इथल्या लिलावगृहात आदल्या दिवशीच्या प्रदर्शनाला जायला लागले. काही घ्यायचं नाही, फक्त खण उलटे करायचे. साधारण ४० मेजं तरी पाहिली असतील. दहाव्या-बाराव्या मेजानंतर बोटांनाच कळायला लागलं.

आणि गेल्या गुरुवारी एक घेतलं. अक्रोडाचं, भरीव, उतरत्या झाकणाचं. विनियर नाही, पितळ नाही, ठसा नाही. गावाकडच्या सुताराने केलेलं. यादीत 'लुई १५ एपॉक, डागडुजी केलेलं' असं छापलं होतं. एक मागचा पाय जोडलेला आहे आणि कुलूप बदललंय, तेही लिहिलेलं. हातोडा ५६० वर पडला, वर शुल्क २५ टक्के, एकूण ७०० युरो.

खणाचा तळ आकसून एका बाजूला ४ मिमी फट पडली आहे, आणि तिथे कधीच उजेड न लागलेली लाकडाची फिकट पट्टी दिसते. डव्हटेल प्रत्येक कोपऱ्यात वेगळे, एका ठिकाणी सुताराची आखणीची रेघ कापाच्या पुढे गेली आहे. तळवा फिरवला तर त्या लाटा लागतात. मी डोळे मिटून खूप वेळ हात फिरवत राहिले.

चोरकप्प्याच्या कोपऱ्यात बारीक वाळू निघाली, चिमूटभर. शेजारच्या फ्रेंच आजी म्हणाल्या, टीपकागद नव्हता तेव्हा ओल्या शाईवर वाळू भुरभुरायचे. ती मी झाडली नाही.

रंधा, एकच अडचण आहे. मोठा खण ओढताना डावीकडे अडतो आणि आतली सरकपट्टी सुटल्यासारखी हलते. काय लावू? घरी सुतारकामाचा पांढरा गोंद आहे.

रंधा

मनापासून अभिनंदन! दोन फोटो पाहिले, फार चांगलं मेज मिळालंय.

पांढरा गोंद लावू नका, फेविकॉलच्या जातीचं काहीच नको. तो पुन्हा सुटत नाही, पुढच्या दुरुस्तीला लाकूडच फाटतं. दाणेदार सरस आणा, रात्रभर गार पाण्यात भिजवा, सकाळी भांडं गरम पाण्यात ठेवून विरघळवा. उकळू देऊ नका, ६० अंशांच्या आसपास ठेवा. जुना सरस ओल्या कोमट फडक्याने पुसून काढा, सरकपट्टी बसवून शिकंजा हलक्या हाताने आवळा आणि २४ तास हात लावू नका. मग खणाच्या खालच्या दोन्ही कडांना मेणबत्ती घासा. तरी अडला तर पट्टीचा फोटो टाका, पण रंधा मात्र मारू नका. अडतोय तो कदाचित हवेने, पाऊस थांबला की आपोआप सरकेल.